हवेची धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची एक रुंद पट्टी चढविलेली असते. तिला धाव असे म्हणतात. लोहार ती धाव भट्टीत लाल होईपर्यंत तापवितो, चाकावर ठोकून बसवितो आणि लागलीच तिच्यावर पाणी ओततो. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसते आणि लाकडाला असे घट्ट आवळून धरते की, पुढे कित्येक वर्षे ती धाव चाकापासून सुटत नाही. शतकानुशतके मनुष्याने आपला प्रवास या लोखंडी धावेवर केला. ती टिकाऊ होती, तिची फारशी निगा राखावी लागत नसे. तिच्यात दोष एवढाच की, रस्त्यावरील प्रत्येक दगडाचा धक्का ती गाडीत बसलेल्या माणसाच्या मणक्यापर्यंत इमानाने पोहोचवीत असे.

आता रत्नागिरीच्या मांडवी बंदरावरील रस्त्याकडे पाहा. एके काळी या किनाऱ्यावर लोक मुंबईहून येणाऱ्या बोटीची वाट पाहत उभे असत. आज तेथे सायंकाळी मोटारी, रिक्षा आणि दुचाक्या यांची रीघ लागलेली असते. यांपैकी एकाही वाहनाला लोखंडी धाव नाही. त्यांची धाव हवेची आहे. बाहेरून दिसणारे काळे रबर हवेला कोंडून धरते. भार पेलते ती मुख्यतः आत दाबून भरलेली हवा. माणसांनी भरलेली मोटार पंधराशे किलोग्रॅम वजनाची असली, तरी एका वेळी तिच्या प्रत्येक चाकाचा जेमतेम हाताच्या पंजाएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो. अशा चार पंजांवर विसंबून एक संपूर्ण कुटुंब भर पावसात आंबा घाट चढते आणि उतरते.

ही हवेची धाव ज्यांच्यामुळे जगभर पसरली, ते गृहस्थ लोहार नव्हते आणि यंत्रज्ञही नव्हते. ते जनावरांचे डॉक्टर होते. त्यांचे नाव जॉन बॉइड डनलॉप.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतावर वाढलेल्या मुलाला जनावरांची पारख आपोआप येते. एडिंबरो येथे त्या काळी पशुवैद्यकाची एक नामांकित शाळा होती. तेथे शिक्षण पुरे करून वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी ते पशुवैद्य झाले. सुमारे दहा वर्षे त्यांनी आपल्या मायभूमीतच व्यवसाय केला. पुढे १८६७ साली समुद्र ओलांडून ते आयर्लंडला गेले आणि कालांतराने बेलफास्ट शहरात स्थायिक झाले. तेथील मे स्ट्रीट या रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता. १८७१ साली त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा अशी दोन अपत्ये झाली.

बेलफास्ट हे त्या वेळी भरभराटीला आलेले शहर होते. तेथील तागाच्या तलम कापडाला मोठी मागणी होती आणि बंदरात जहाजबांधणीचे कारखाने होते. पण कारखान्यातला माल बंदरापर्यंत नेण्याचे काम मात्र घोड्यांकडेच असे. घोडा लंगडू लागला की मालकाचा धंदा थांबे. अशा शहरात कुशल पशुवैद्याला किती मान असेल, याची कल्पना करता येईल. डनलॉप यांचा दवाखाना थोड्याच वर्षांत आयर्लंडमधील सर्वांत मोठ्या दवाखान्यांपैकी एक गणला जाऊ लागला. स्वभावाने ते सौम्य आणि काहीसे संकोची होते. मात्र आपल्या हातच्या कौशल्याविषयी त्यांच्या मनात मुळीच संदेह नसे.

पशुवैद्याचे काम एका दृष्टीने माणसांच्या डॉक्टरपेक्षा अवघड असते. त्याचा रोगी बोलत नाही. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे त्याला विचारून कळत नाही. सर्व काही डोळ्यांनी पाहून आणि हाताने चाचपून ओळखावे लागते. घोडा तपासताना पशुवैद्य त्याचा पाय उचलून गुडघ्यांत धरतो. खूर तडकले आहे काय, ते पाहतो. त्यावर तळहात ठेवून ते नेहमीपेक्षा गरम तर लागत नाही ना, याची खात्री करून घेतो. नाल कोणत्या बाजूने अधिक झिजली आहे, हे तो विशेष बारकाईने पाहतो. कारण नाल एकाच बाजूने झिजली असेल, तर घोडा पाऊल वाकडे टाकतो, हे त्यावरून कळते. तळव्यात एखादा खिळा किंवा खडा रुतला असेल, तर तो शोधून काढतो. डनलॉप यांच्या आयुष्याची अनेक वर्षे अशा कामात गेली. खुराविषयीची ही गोष्ट लक्षात असू द्या. तिच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

रबर हा पदार्थ डनलॉप यांना नवा नव्हता. आपल्या व्यवसायाला लागणारी लहानसहान रबरी साधने ते स्वतः तयार करीत असत. ब्राझीलच्या अरण्यातील झाडांच्या चिकापासून मिळणारे रबर पूर्वी उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत ठिसूळ होई. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांनी ते गंधकाबरोबर तापविले आणि त्यामुळे रबर चिवट व लवचीक राहते, असे त्यांना आढळून आले. तेव्हापासून रबराचे नानाविध उपयोग सुरू झाले. डनलॉप यांच्या काळात सायकलींच्या चाकांनाही रबर लावीत. पण ते भरीव असे. ते चाक लोखंडी धावेपेक्षा किंचित मऊ चाले, एवढाच त्याचा लाभ.

डनलॉप यांचा मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्यापाशी एक तीनचाकी सायकल होती. बेलफास्टच्या रस्त्यांवर दगडी चिरे बसविलेले होते. अशा रस्त्यावरून भरीव रबराची सायकल हाकणे म्हणजे अंगाला हिसके देऊन घेणेच होय. मुलाची सायकल सुखाने आणि वेगाने चालावी, यासाठी काय करता येईल, याचा विचार पिता करू लागला. १८८७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी आपल्या अंगणात एक प्रयोग केला.

त्यांनी रबराचा पातळ पत्रा घेऊन त्याची एक नळी तयार केली. ती लाकडाच्या एका वाटोळ्या तबकडीभोवती गुंडाळली, वरून तागाच्या कापडाची पट्टी ताणून ती तबकडीला खिळ्यांनी ठोकली आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. झाले एवढेच. आपल्या घरातील कोणत्याही उद्योगी मुलाला जमेल, असाच तो खटाटोप दिसतो. परंतु पुढची पायरी शास्त्रज्ञाची होती. त्यांनी मुलाच्या सायकलीचे भरीव रबराचे चाक काढले आणि ते जोराने अंगणात घरंगळत सोडले. चाक थोडे अंतर गेले, डळमळले आणि आडवे झाले. मग तशाच जोराने त्यांनी हवेची तबकडी सोडली. ती अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, तेथील फाटकावर आदळली आणि उसळी घेऊन मागे फिरली.

तबकडी इतकी दूर का गेली? भरीव चाक प्रत्येक चिऱ्याच्या कडेवर आपटे आणि दर आपटण्याबरोबर त्याचा थोडा जोर वाया जाई. हवा मात्र दबत होती आणि पुन्हा फुगत होती. चिऱ्याची कड चाकाला वर उचलण्याऐवजी नुसती त्याच्या अंगात शिरे आणि बाहेर पडे. म्हणजे हवेमुळे केवळ धक्का कमी झाला नव्हता, तर चाकाचा वेगही टिकून राहिला होता. मऊपणा आणि वेग या परस्परविरोधी गोष्टी आहेत, अशी तोवर सर्वांची समजूत होती. डनलॉप यांच्या अंगणात ती खोटी ठरली.

यानंतर त्यांनी तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांसाठी हवेच्या धावा तयार केल्या. १८८८ सालच्या आरंभीच्या एका थंड रात्री जॉनी ती सायकल घेऊन बाहेर पडला. रस्ते निर्मनुष्य होते. मुलगा परत येईपर्यंत पित्याच्या मनाची काय स्थिती झाली असेल, हे सांगावयास नकोच. रबराला कोठे चीर पडली आहे काय, हे पाहिले गेले. चाके शाबूत होती. तरीही डनलॉप यांनी घाई केली नाही. पुढे काही महिने त्यांच्या चाचण्या चालूच राहिल्या. कापड बदलले, रबराची जाडी बदलली, एडलिन या बेलफास्टमधील सायकल बनविणाऱ्यांच्या साहाय्याने मोठ्या सायकलींना ही चाके बसविली. नंतर त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी ते पेटंट त्यांना मिळाले. पेटंट म्हणजे नव्या शोधावर शोधकाचा ठरावीक काळापुरता हक्क.

लोकांनी मात्र या चाकांची प्रथम थट्टाच केली. बारीक, सुबक चाकांची सवय असलेल्या डोळ्यांना ती फुगलेली चाके बेढब वाटली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकलींच्या शर्यती होत्या. विली ह्यूम नावाचा एक स्वार हवेची चाके लावलेली सायकल घेऊन मैदानात उतरला, तेव्हा प्रेक्षकांत हशा पिकला. त्या दिवशी ह्यूमने चार शर्यतींत भाग घेतला आणि चारही जिंकल्या. त्यानंतर इंग्लंडमधील लिव्हरपूल येथेही तो विजयी झाला. हशा थांबला आणि मागणी सुरू झाली.

त्या शर्यतींत हरलेल्यांमध्ये डब्लिन येथील एक व्यापारी हार्वी द्यू क्रो यांची मुलेही होती. आपली मुले कशामुळे हरली, हे त्या चतुर गृहस्थाने ताबडतोब ओळखले. त्यांच्या पुढाकाराने १८८९ सालीच डब्लिन येथे एक कंपनी उभी राहिली आणि डनलॉप यांनी आपले पेटंट तिच्या स्वाधीन केले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या त्या पशुवैद्याला आता आपण श्रीमंत होणार, असे वाटले असल्यास नवल नाही.

पण एका वर्षाच्या आतबाहेर त्यांच्यावर मोठाच आघात झाला. पेटंट कचेरीने त्यांना कळविले की, त्यांचा शोध नवा नाही. हवेने भरलेल्या चाकाचे पेटंट रॉबर्ट विल्यम टॉमसन या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच, म्हणजे डनलॉप पाच वर्षांचे असताना घेतले होते. फ्रान्समध्ये १८४६ साली आणि अमेरिकेत १८४७ साली त्याची नोंद झाली होती. अर्थात डनलॉप यांचे पेटंट रद्द ठरले.

या टॉमसन यांच्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्यांच्यावर काळाने अन्यायच केला आहे. पेटंट घेतले तेव्हा त्यांचे वय केवळ तेवीस वर्षांचे होते. रबर लावलेल्या कापडाची नळी आणि तिच्यावर चामड्याचे वेष्टन अशी त्यांची चाके १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना लावून दाखविण्यात आली. त्यांतील एक जोड बाराशे मैल, म्हणजे सुमारे एकोणीसशे किलोमीटर चालली. परंतु चांगले पातळ रबर त्या काळी मिळत नसे, चाके फार महाग पडत आणि सायकल किंवा मोटार यांचा अजून जन्मच झाला नव्हता. ज्याला गरज आहे, ते वाहनच नाही, अशी ती स्थिती होती. शोध कागदावर राहिला आणि जग तो विसरून गेले. टॉमसन यांनीही पुढे त्याचा नाद सोडला. त्यांनी भरीव रबराच्या धावा असलेली, वाफेवर चालणारी रस्त्यावरची इंजिने तयार केली. त्यांपैकी काही भारतात आली आणि १८७० नंतरच्या वर्षांत पंजाबमध्ये ती चालविलीही गेली. १८७३ साली टॉमसन वारले. बेलफास्टच्या अंगणातील प्रयोग त्यांना पाहावयास मिळाला नाही.

मग या शोधाचा मान कोणाचा? कल्पना प्रथम टॉमसन यांना सुचली, यात वाद नाही. डनलॉप यांनी ती कोणाची पाहून उचललेली नव्हती, हेही तितकेच खरे आहे. पण सायकलींच्या युगात ती जगापुढे आणून, तपासून, उपयोगी ठरवून दाखविण्याचे श्रेय डनलॉप यांनाच दिले पाहिजे, असे मला वाटते.

पेटंट गेले तरी कंपनी बुडाली नाही; तिला दुसऱ्याच एका अडचणीने तारले. डनलॉप यांच्या पहिल्या धावा चाकाला कापडाने आणि चिकट द्रवाने कायमच्या चिकटविलेल्या असत. वाटेत खिळा रुतून हवा गेली, तर ते सारे कापड सोलून काढावे लागे आणि नळी सांधून पुन्हा चिकटवीपर्यंत बराच वेळ मोडे. धावणारे चाक तयार झाले होते. उघडून आत पाहता येईल असे चाक तयार झाले नव्हते. १८९० साली चार्ल्स वेल्च यांनी कडेला तार घातलेला आणि विल्यम बार्टलेट यांनी जाड कडांचा, चाकात अडकून बसणारा टायर शोधून काढला. त्यामुळे टायर हाताने काढता व बसविता येऊ लागला. या दोन्ही पेटंटांचे हक्क कंपनीने विकत घेतले. पुढच्याच वर्षी वुड्स यांनी हवा आत जाऊ देणारा पण बाहेर न सोडणारा व्हॉल्व्ह केला. ज्या बारीक रबरी नळीवर तो काम करतो, ती आपल्या गावातील कोणत्याही सायकल दुरुस्तीच्या दुकानात आजही पाहावयास मिळते. दुकानदार ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात बुडवितो आणि बुडबुडा कोठून येतो, ते पाहतो. खुरातला खिळा शोधण्यासारखेच ते काम आहे.

सायकलीच्या या नव्या विद्येचा वारा आपल्याकडेही लवकरच पोहोचला होता. पुढे मोठे कारखानदार म्हणून प्रसिद्धीस आलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिक्षकाची नोकरी करीत असताना बेळगावात आपल्या वडील बंधूंच्या मदतीने सायकली विकण्याचा धंदा करू लागले होते. या धंद्याचा आरंभ १८८८ सालचा मानतात. डनलॉप यांना पेटंट मिळाले, तेच हे वर्ष होय.

सायकलीच्या मागोमाग मोटार आली. १८९५ साली फ्रान्समध्ये पॅरिस ते बोर्दो आणि परत, अशी मोटारींची शर्यत झाली. तीत मिशलँ या दोघा भावांनी हवेच्या टायरांची मोटार चालविली. वाटेत त्यांचे टायर पुनःपुन्हा फुटले आणि त्यांची गाडी फार मागे पडली. पण जड मोटारही हवेवर चालू शकते, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे रबरात काजळी मिसळू लागले. तिच्यामुळे टायर काळा झाला, पण तो कितीतरी पटींनी चिवटही झाला. भारतात डनलॉप यांच्या नावाच्या कंपनीने १९३६ साली बंगालमध्ये हुगळी नदीच्या काठी साहागंज येथे टायरांचा कारखाना सुरू केला. पुढे तो बंद पडला. परंतु त्यापूर्वी कित्येक दशके तेथील टायर देशभर फिरले.

सायकलीचा टायर फुटला तर स्वार पायी घरी येतो. घाटात, ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचा टायर फुटला तर काय होते, हे वर्तमानपत्रांत वाचावयास मिळते. लोखंडी धाव वर्षानुवर्षे कोणी पाहिली नाही तरी चालत असे. हवेच्या धावेचे तसे नाही. तिच्यातली हवा रोज थोडीथोडी पाझरत असते, तिचे रबर उन्हाने आणि वाऱ्याने म्हातारे होत असते आणि ती स्वतः काही बोलत नाही. डनलॉप यांच्यासारखा पशुवैद्य खूर कसा तपासतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला टायर कसा तपासावा, हे निराळे शिकवावे लागत नाही.

प्रथम तळवा पाहावा. टायरच्या पाठीवर ज्या खाचा असतात, त्या शोभेसाठी नसतात. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात रस्त्यावर पाण्याचा थर साचतो; चाक वेगाने त्यावर आले की, ते पाणी या खाचांतून बाजूला फेकले जाते आणि रबर डांबराला टेकते. खाचा झिजून टायर गुळगुळीत झाला की, पाण्याला जावयास वाट उरत नाही. मग चाक रस्त्यावर न चालता पाण्यावर तरंगू लागते आणि अशा वेळी ब्रेकही चालत नाही व सुकाणूही चालत नाही. भारतातील १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरवरील खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. दुचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. हे मोजण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. खाचेच्या तळाशी मधूनमधून रबराचे लहान उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. टायरची पाठ झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे तो टायर बदलण्याची वेळ झाली.

पण किती झिजला, एवढेच पाहून भागत नाही. कोठे झिजला, हेही पाहावे लागते. नालेची गोष्ट आठवा. टायर दोन्ही कडांना झिजून मधे शाबूत असेल, तर त्यात हवा कमी भरली जात आहे. मधेच झिजला असेल, तर हवा जास्त होत आहे. एकाच कडेला झिजला असेल, तर चाक वाकडे बसले आहे; गाडी पाऊल वाकडे टाकीत आहे, असेच म्हणाना.

कमी हवेचा टायर हा सर्वांत फसवा. तो चालतो, म्हणून मालक निश्चिंत असतो. एखादी तार हातात घेऊन पुनःपुन्हा वाकविली, तर ती वाकते त्या जागी गरम होते, हे तुम्ही करून पाहिले असेल. हवा कमी असली की टायरची बाजू चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तशीच वाकते आणि सरळ होते. मिनिटाला शेकडो वेळा हे घडते. आतल्या आत रबर तापत जाते, त्यातील दोऱ्यांचे थर सैल होतात आणि मग एखाद्या उन्हाच्या दुपारी, गाडी भरलेली असताना, तो फुटतो. म्हणून हवेचा दाब महिन्यातून एकदा तरी आणि लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी मोजून घ्यावा लागतो. तो मोजावयाचा टायर थंड असताना. कारण चालून तापलेल्या टायरमधील हवा प्रसरण पावल्यामुळे दाब खोटाच अधिक दिसतो. किती दाब हवा, हे पुष्कळशा मोटारींत चालकाच्या दाराजवळच्या चौकटीवर छापलेले असते. मागे ठेवलेल्या स्टेपनीचाही दाब मोजावा. तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते आणि रात्री भररस्त्यात तिचीच आठवण होते.

राहता राहिली टायरची बाजू. तेथे फुगवटा दिसला, तर आतील दोरे तुटले आहेत, असे समजावे. असा टायर एक दिवसही वापरणे धोक्याचे असते. बारीक बारीक भेगांचे जाळे दिसले, तर रबर म्हातारे झाले आहे. खाचा खोल असल्या तरी म्हातारा टायर तो म्हाताराच. त्याचे वय बाजूवरच लिहिलेले असते. तेथे चार अंक एकत्र उमटविलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. २३२१ असे अंक असतील, तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. मांडवीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीजवळ घटकाभर थांबले, तर हे अंक कोणालाही वाचता येतात.

डनलॉप यांच्या उत्तरायुष्याकडे वळू. कंपनीचा कारभार मोठा होत गेला, तसतसे त्यांचे मन तिच्यातून उडत गेले. १८९५ साली ते कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ती तीस लाख पौंडांना विकली गेली. अशा उलाढालींतून इतरांनी अमाप पैसा मिळविला. ज्यांच्या अंगणात तिचा उगम झाला, त्या डनलॉप यांच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. मिशा-दाढीचा त्यांचा चेहरा मात्र कंपनीचे चिन्ह म्हणून गावोगावच्या जाहिरातींवर झळकत राहिला. ते डब्लिन येथे राहत असत. तेथे त्यांनी कापडाच्या एका दुकानाच्या व्यवसायात लक्ष घातले आणि आपले आयुष्य शांतपणे घालविले.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिन येथे वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून ठेवला होता. तो त्यांच्या मुलीने त्यांच्या पश्चात प्रसिद्ध केला. पुढे उत्तर आयर्लंडमधील एका बँकेने आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. त्यांनी आपल्या हाताने तयार केलेल्या पहिल्या टायरांपैकी एक एडिंबरोच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. ज्या शहरात ते एकेकाळी जनावरांचे पाय तपासावयास शिकले, तेच हे शहर.